अनंताच्या मुळाशी मीठ

होळीनंतर रेवदंड्याकडचा वारा दुपारी तापतो; सकाळी मात्र तो ओलसर, मवाळ असतो. अशाच एका सकाळी अंगणात पाऊल टाकलं आणि पायाखाली काहीतरी चुरचुरलं. अनंताची पानं! तेल लावल्यासारखी चकाकणारी ती पानं कडेनं करपून, पापडासारखी कडक होऊन पडली होती. आमच्या हिच्या हातचं हे एकच झाड उरलंय. बाकीची वादळात गेली, आणि मागल्या पावसाळ्यात ही स्वतःच गेली. आता हेही निघालं काय?

वाकून पाहिलं, तर बुंध्याशी मातीवर पांढरी खरपुडी आणि सुक्या मासळीचा वास. मी ओरडलो तशी सून धावत आली. पूनम साताऱ्याकडची, घाटावरची.

"आई घालायच्या ना बाबा, मासळीचं पाणी? मी खारा बांगडा भिजवलेलं घातलं, चार-पाच वेळा."

हसावं की रडावं? ताजी मासळी धुतलेलं पाणी म्हणजे खत; खारवलेली मासळी भिजवलेलं पाणी म्हणजे नुसतं मीठ. नाव अनंत असलं म्हणून काय झालं, मिठापुढं त्याचाही अंत! आमच्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणून तिलाही कुणी सांगितलं नाही. शेजारची भागी कुंपणावरून म्हणाली, "काय ओ भाऊ, झाडाचं लोणचं घातलात व्हय?" पूनमचे डोळे भरले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मनात आलं, आमची ही गेल्यावर तिच्या झाडाची आठवण कुणी ठेवली? पूनमचा नवरा उरणला कंटेनरच्या यार्डात, घरात माझ्यासारखा घुम्या म्हातारा, आणि ही परमुलखातली पोर नाकाला पदर लावून पातेलं झाडापाशी नेत होती. माया ती मायाच. पाणी तेवढं चुकलं.

वरची माती खरवडून टाकली. ही गेल्यापासून विहिरीकडं फिरकलो नव्हतो; त्या दिवशी कळशीमागून कळशी ओतली, मीठ खोल वाहून जाईस्तोवर. जळक्या फांद्या पूनमनं धरल्या, मी कापल्या. हाताला काम मिळालं की दुःखसुद्धा जरा सरकून बसतं! मग रोज सकाळी दोघं त्या खुंटाकडं बघायचो, आणि बघता बघता बोलायचो, हिच्याबद्दल, बहुतेक.

आज बुंध्याला दोन कोंब दिसले, हिरवेगार. देवाला हात जोडले, आणि मनातल्या मनात सुनेलाही.

एवढ्यात ती ताज्या बोंबलांचं पाणी घेऊन आली. झाडापाशी थबकली, बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं.

"बाबा, गोडं हाय."

खारं नसलेल्या पाण्याला आम्ही गोडं म्हणतो, ते बोंबील धुतलेलं का असेना. घाटावरची पोर आमच्या तोंडचं बोलली.

"मग घाल की," मी म्हटलं, "तुझंच झाड हाय."