केळीच्या तळघरातली बाळंतीण

“खोलीत शेगडी होती?” डहाणूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

“होती. पण धूर अजिबात नव्हता,” मी ठासून सांगितलं.

“म्हणूनच तुम्हाला कळलं नाही, बाई. हे कार्बन मोनॉक्साइड पॉयझनिंग आहे.”

कोंडलेल्या खोलीत निखारे जळत राहिले की हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात शिरून तो प्राणवायूची जागा अडवतो. डॉक्टर हे समजावत होते तेव्हा माझी लेक कुसुम समोर बेशुद्ध होती, आणि ती खोली मीच तिच्यासाठी निवडली होती.

आम्ही वरोरचे बागायतदार. मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, त्याच्या आदल्या थंडीतली ही गोष्ट. घराखाली केळी पिकवायचं तळघर. घड रचायचे, गोवऱ्यांचा धूर द्यायचा आणि दार लिंपून टाकायचं, ही आमची पिढीजात रीत. धूर भरलेला असताना आत पाऊल टाकायचं नाही, हे पोरंसोरंही जाणतात. पण आमचं सगळं भय धुराचं! तेव्हा केळी नव्हती, तळघर सारवून ठेवलेलं होतं. नुकत्याच बाळंत झालेल्या पहिलटकरीण लेकीला खारा वारा लागू नये म्हणून मी तिची खाट तिथे टाकली. निखारे अंगणात फुलवायचे, धूर पुरता जाऊ द्यायचा, मगच रात्रीच्या शेकाला शेगडी आत न्यायची आणि झरोक्यात गोणपाट कोंबायचं. केवढी मी शहाणी!

तीन दिवस रोज सकाळी ती म्हणे, “आई, डोकं ठणकतंय गं. मळमळतंय.” अंगणात बसली की दुपारपर्यंत तिला बरं वाटे. मी मीठमोहऱ्या ओवाळल्या. गाल लाल दिसत होते, मला वाटलं शेक मानवला.

चौथ्या सकाळी ती उठलीच नाही. बाळ फार किरकिरतं म्हणून मी त्याला वर माझ्याजवळ घेतलं होतं, तेवढं वाचलं. मासळीच्या ट्रकातून कुसुमला डहाणूला नेलं.

दोन दिवस तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. जावई तलासरीला मास्तर, ते धावत आले. बाकावर माझ्या शेजारी बसून राहिले, मलाच चहा आणून देत राहिले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. देवा, मला ने, असं मी किती वेळा म्हटलं असेल.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. मला ओळखलं, नवऱ्याला ओळखलं. मी बाळ जवळ नेलं. त्याचं रडणं ऐकून तिचं पोलकं दुधाने भिजलं, आणि ती म्हणाली, “कोणाचं गं हे?”

डॉक्टर हळूच म्हणाले, “मेंदूला प्राणवायू कमी पडलाय. आठवण येईल, न येईल. जीव वाचला, हेच पुष्कळ.”

त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. बायांनो, बंद खोलीत डोकं दुखत असेल आणि बाहेर आल्यावर थांबत असेल, तर दृष्ट काढत बसू नका. आधी दार उघडा, शेगडी बाहेर काढा.

कुसुम सावरली, लेकराला जीव लावला. फक्त बाळंतपणाचे ते दिवस तिला कधीच आठवले नाहीत. मुलगा आता शाळेत जातो. मी झालो तेव्हा कसा होतो, असं तो आईला विचारतो. ती त्याला माझ्याकडे पाठवते. मी सगळं सांगते. तळघर तेवढं गाळते.