जुईची तपासणी आणि माझी घाई

"सेरेब्रल पाल्सी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूकडून स्नायूंना निघालेला निरोप नीट पोचत नाही. जुई तेव्हा दीड वर्षाची होती. मी ओपीडीतच रडले, आणि त्या दिवसापासून तिचे हातपाय मीच झाले. मिहानला कामावर जायची बस गाठायची असायची, म्हणून सकाळचं भरवणंही पाच मिनिटांत उरकायचे.

ती पाच वर्षांची झाल्यावर हॉस्पिटलात फंक्शनल असेसमेंटला बोलावलं. मूल स्वतः काय करतं आणि कुठे किती मदत लागते, ते यात बघतात. जवळच्या शाळेत मदतनीस मिळणार की घरीच शिकायचं, हे त्यावर ठरणार होतं. जुईला तर शाळेचं वेड! रोज माझी पर्स पाठीला अडकवून बसायची.

मी काय तयारी केली असेल? पाहुण्यांसमोर न्यायचं असल्यासारखा नवा फ्रॉक घातला आणि डब्यात मऊ पोहे घेतले. फॉर्मवर जेवणापुढे ठसक्यात लिहिलं, 'पूर्ण मदत'.

दोन तास बाकावर काढल्यावर आमचा नंबर लागला.

"सकाळी काय खाल्लं वं?" थेरपिस्ट मॅडमनी जुईला विचारलं.

"पोहे," मी म्हणाले.

"खेळतेस कोणासोबत?"

"आजोबांसोबत." हेही मीच.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, तपासणी तिची चालू आहे का तुमची?"

मॅडमनी जाड मुठीचा चमचा जुईच्या हातात दिला, डबा पुढे सरकवला आणि मला मागे बसवलं. "काही झालं तरी उठायचं नाही."

पहिला घास फ्रॉकवर. दुसरा टेबलावर. तिसरा नाकाला लागून खाली. आणि चौथा थेट तोंडात! मी उठलेच, अन् सवयीनं तिचा चमचा धरायला गेले. तिनं माझा हात ढकलला. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो. मॅडम थांबल्या. मीही थांबले, पहिल्यांदाच.

"आई, मी खाऊन राहिली ना!"

'स्वतः खाते, वेळ द्यावा, शाळेत मदतनीस हवी,' मॅडमनी लिहिलं. शाळा मिळाली हो! त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर मुलाला नटवत बसू नका. फक्त स्वतःचं तोंड आवरा, बाकी ते मूल दाखवेल.

आता मी तासभर लवकर उठते. पोहे भिंतीपर्यंत उडतात. पण भरवायचं नसल्यामुळे मीही माझी प्लेट घेऊन बसते, आणि जुई जन्मल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी एका वेळी जेवतो.