दोनदा दुरुस्त झालेला आकडा

गेजच्या काचेवर बोटानं टकटक करून मगच काटा वाचायची. चहातला बशीभर दुसऱ्याला देऊन उरलेला कपातून प्यायची. हेल्मेटखाली ओढणी घट्ट बांधायची. कोणी 'अंदाजे' म्हटलं, की एक भुवई वर जायची.

शीला दारव्ह्याजवळच्या तेलगिरणीत बॉयलरची मीटरं सांभाळायची. फाटकावरच्या वजनकाट्यावर बसणारी उर्वशी मराठीत एम.ए. झालेली. मैत्रिणीच्या या सवयी तिला पाठ होत्या. काम मात्र डोक्यावरून जायचं.

"ताई, मीटर दाखवते तोच आकडा काहून नाही लिहीत?"

"तुह्या काट्यावर कापसाच्या दोन गाड्या आल्या. दोन्ही काठोकाठ. एकीत कापूस दाबून भरला, एकीत मोकळा. वजन सारखं भरंन काय?"

"नाही."

"वाफेचंही तसंच. दाब उतरला, की वाफ मोकळी होते. मीटरले वाटते, दाबलेलीच आहे. म्हणून आकडा कमी करून लिहा लागते. समजलं काय, एम.ए.बाई?"

अर्धं समजलं.

उन्हाळ्यात शीला रजेवर असताना गिरणीनं दिसायला जुन्यासारखंच नवं मीटर बसवलं. पुढे महिन्याभरात बॉयलरवाल्या बाबूसिंगला घरी बसवलं. भट्टीतलं कुटार, म्हणजे जळणाचा भुसा, पहिल्याइतकंच जळत होतं, वाफ मात्र कमी भरत होती. म्हणजे बाबूसिंग कुटार बाहेर विकतो, असं मॅनेजर कमलाकररावांनी ठरवलं.

फाटकातून जाताना बाबूसिंग उर्वशीला म्हणाला, "पोरी, माह्या खिशातून कुटार सांडून राह्यलं काय, पाहून घे." कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शीलानं मीटरवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. नवं मीटर दाब स्वतःच बघत होतं, आकडा स्वतःच कमी करत होतं. आणि ती जुन्या सवयीनं तोच पुन्हा कमी करत होती. वाफ कुठे गेलीच नव्हती.

ती तडक कमलाकररावांकडे गेली. पावत्या द्यायला आलेली उर्वशी तिथेच होती.

"साहेब, चूक माही आहे. बाबूसिंगभाऊले परत बोलवा."

"यवतमाळच्या हेड ऑफिसला कळवून झालं, शीलाबाई. एक नाव गेलंय. ते खोडायचं तर दुसरं द्यावं लागेल."

"मंग माहं द्या."

चहा सांगावा तितक्या सहज.

संध्याकाळी बाबूसिंग कामावर आला. शीला त्याआधीच जीपनं निघून गेली होती. फोन बंद. उर्वशीला आता दाब कळला, वाफ कळली, दोनदा कमी झालेला आकडाही कळला. पण मीटर बदलल्याचं शीलाला कोणी सांगितलंच नव्हतं. मग ती तसं बोलली का नाही? शीलाच्या घरी आई, शिकणारा भाऊ. आता?

उर्वशीनं बाबूसिंगला विचारलं. तो भट्टीत कुटार ढकलू लागला. "मले काय समजते, बाई. बोलावलं, आलो."

मीटरशेजारच्या भिंतीवर शीलानं पुढच्या पाळीसाठी पिवळ्या रंगात लिहायला घेतलं होतं: 'हा आकडा दुरुस्त झालेला आहे. पुन्हा'

एवढंच. खाली रंगाचा डबा उघडाच होता.