बुधवारी साध्या कपड्यात

आम्ही तिघं, म्हणजे मी, रशीद आणि अंबादास, चहाला बसलो की उठायचं नाव नाही. एक किस्सा संपतोय न संपतोय तोच दुसरा तयार! आणि सांगताना तिघांपैकी एकही खुर्चीत स्वस्थ बसत नाही. आमच्या बायकांना कित्येक वर्षं वाटायचं, आम्ही एका शाळेतले. शाळाच म्हणा की! फक्त गेटला कुलूप बाहेरून होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे, मुक्काम रिमांड होम. कोर्टात आम्हाला न्यायचे नाहीत. दर बुधवारी कोर्टच आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये यायचं. मॅजिस्ट्रेट बाई, त्यांचं टेबल आणि भिंतीशी एक लांब बाकडं. नियम असा, की पोरं घाबरू नयेत म्हणून पोलिसांनी युनिफॉर्म घालायचा नाही. त्यामुळे बाकड्यावर पोलीस कोण आणि पोराचा बाप कोण, हे कुणाला कळायचं नाही.

बाकीचे दिवस नुसती घालमेल. गेटपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा गेटपर्यंत. "बस की रे एका जागी!" असं सगळे एकमेकांना म्हणायचे आणि म्हणणाराच उठून चालायला लागायचा.

*

माझी केस सायकलची. शुक्रवार पेठेतून तासाच्या बोलीवर सायकल घेतली आणि गेलो होटगीला, रेल्वेची इंजिनं बघायला. तिथं चाक पंक्चर झालं. पंक्चर काढणारा सापडेना, सायकल टाकून यायचा धीर होईना. बसलो स्टेशनवर. दुसऱ्या दिवशीही तिथंच! तोवर दुकानदारानं चोरीची तक्रार ठोकली होती. माने हवालदार आले आणि मला सायकलसकट उचललं.

बाईंनी विचारलं, "चोरायचीच होती, तर सायकल घेऊन पळून का नाही गेलास?"

"कसा पळणार बाई? पंक्चर होती की!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की खोकल्या, देव जाणे. तारीख मात्र पुढचीच दिली.

*

रशीदनं मामूचा ट्रक हलवला होता. सुरू कसा करायचा हे त्याला येत होतं, थांबवायचं कसं ते नव्हतं. ट्रक थेट पोलीस चौकीच्या दारात जाऊन उभा!

बाई म्हणाल्या, "अरे, पकडले जाऊ हे ठाऊक असून चौकीसमोरच कशाला थांबलास?"

रशीद एकदम उसळला. "मैं कां रोक्या बाई? ब्रेकच वां लग्या!"

मामू बाकड्यावर कपाळ बडवत बसले होते.

*

आता माझ्या आईचं ऐका. पहिल्या बुधवारी ती भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आली. शेजारी एक धोतर-टोपीवाला, खांद्यावर उपरणं, गरीब चेहऱ्याचा माणूस. आईला वाटलं, हाही कुणाचा तरी बाप. भाकरी पुढं केली आणि सुरू झाली, "कोण तो मुडदा हवालदार, माझ्या लेकराला चोरासारखं धरून आणलं! हात झडू देत मेल्याचे!"

तो माणूस भाकरी मोडत म्हणाला, "व्हय, व्हय. लई वाईट असत्यात पोलीस."

"तुमच्याही पोराला त्यानंच धरलं काय?"

"मला पोरगं न्हाय, ताई."

इतक्यात कारकुनानं पुकारा केला, "हवालदार माने, हजर?" आणि तो माणूस घास तोंडात धरून उभा राहिला! मला हसू आवरेना. आईचा चेहरा पांढराफटक. पण आई खमकी. म्हणाली, "आधी घास गिळा. ठसका लागेल." पुढच्या बुधवारपासून ती मान्यांची भाकरी वेगळी बांधून आणायला लागली.

*

अंबादासची केस ऐकून मला अजून राग येतो. विणकराचं पोर, घरात तेलुगू, आईबाप दोघंही गेलेले. कारखान्यात काम करायचा आणि तिथंच झोपायचा. थंडी वाजली म्हणून मागावरची नवी चादर पांघरली. मालक म्हणाला, चोरी! अरे, चोर चादर पांघरून जागेवरच घोरत पडतो काय?

मानेच त्याला घेऊन आले होते. चादर जप्त झालेली. दर बुधवारी माने आत आले की आधी त्याला विचारायचे, "आलं का रं कुणी?" अंबादास नुसती मान हलवायचा. भिवंडीच्या काकाला निरोप गेला होता, पण काकाचा पत्ता नव्हता.

त्याचे हात मात्र गप्प राहायचे नाहीत. दिसेल तो दोरा धरून गाठ मारायचा. विणकराची गाठ, ओढाल तितकी घट्ट. एका बुधवारी शिकवणीच्या तासाला त्यानं बाकाखाली सरपटत जाऊन आमच्या चड्ड्यांचे नाडे बाकांच्या पायांना बांधले! सुटता सुटेनात. शेवटी शिपायानं शिवणवर्गातली कात्री आणून सगळे नाडे कापले. कोर्टात आम्ही रांगेनं उभे, दोन्ही हात पोटाशी धरून.

बाई खूश. "आज सगळे किती नम्रपणे उभे आहेत!"

हात सोडायची कुणाची टाप नव्हती!

*

मग बाईंनी अंबादासला सांगून टाकलं, "पुढच्या बुधवारी नातेवाईक यायला हवा. नाहीतर जबाबदारी घेणारा कुणी भला माणूस. कुणीच आलं नाही, तर लांबच्या सर्टिफाईड शाळेत, म्हणजे सुधारगृहात, पाठवावं लागेल. अठरा वर्षांचा होईपर्यंत." त्या आठवड्यात अंबादास जेवला नाही, आणि आम्हालाही जेवण गेलं नाही.

तो बुधवार उजाडला. मामूंनी रशीदला सोडवलं, आईनं मला. पण आम्ही दोघं दारातच घुटमळत राहिलो, पाय निघेनात. बाकड्यावर माने, नवंकोरं उपरणं घेऊन. त्यांच्या शेजारी अंबादास.

"अंबादास! पालक कोण?"

कुणी उठलं नाही. कारकुनानं पुन्हा विचारलं. गेटकडं बघून बघून माझे डोळे दुखायला लागले.

"हवालदार माने, हजर?"

माने उठले. आणि त्यांच्याबरोबर अंबादासही उठला! उठला कसला, ओढलाच गेला. मान्यांच्या उपरण्याचं टोक आणि अंबादासच्या सदऱ्याचं टोक, दोन्हीला मिळून एक गाठ!

हॉलमध्ये हशा पिकला. शिपाई सवयीनं कात्री आणायला पळाला. माने बोटांनी गाठ चाचपत होते. अंबादास खाली मान घालून उभा, आणि त्याचे हात पहिल्यांदाच गप्प होते.

बाई म्हणाल्या, "सुटत नसेल तर कापा, आणि पुढचं काम घेऊ."

मान्यांनी शिपायाच्या हातातली कात्री बाजूला सारली.

"कापू नगा बाई, उपरणं नवं हाय. माझं नाव लिवा. घरी नेऊन सोडवतो की सावकाश."