नावाशिवाय न निघणारा कंद

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, आमच्या याहावर अन्याय झाला. कुणामुळे, तेही इथेच लिहिते. स्वतःला वगळणार नाही.

याहा म्हणजे आई. हाक पहाडातली, पण म्हसावदच्या बाजारातही सगळे तिला याहाच म्हणत. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात त्या सफेद मुसळीचे कंद ती आणायची, पण तिनं ते ढीग लावून कधी विकले नाहीत. तिला बाळंतिणीचं नाव सांगायचं. पुढल्या बाजाराला तिच्यापुरता कंद यायचा. खणण्याआधी चिमूटभर तांदूळ मातीवर ठेवून याहा कंदाला ते नाव सांगे. नाव नाही, तर कंद नाही. एका व्यापाऱ्यानं दुकानासाठी पोतंभर मागितली, तेव्हा ती म्हणाली, “तुन्हं दुकान बाळंतीन व्हयनं का?”

माझ्या वहिनीला दूध येईना, तेव्हा मी याहासोबत टेकडीवर गेले. दिवाळी उलटली होती. पान वाळून गेलं की मुसळीची जमिनीवर खूणच उरत नाही. याहा अनवाणी चालत होती, नजर समोर, गप्पा चालू. मध्येच तिनं पायाचा अंगठा रोवला. “आठे.” खणलं, तर तिथेच! मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. मला अख्ख्या उतारावर एक कंद सापडला नाही. तिनं कंदाची थोडी बोटं तोडून घेतली, बाकीची पुन्हा फुटावीत म्हणून शेंड्यासकट परत पुरली आणि निजलेल्या लेकराला थोपटावं तशी माती थोपटली. पान हिरवं असताना का खणत नाहीस, असं मी विचारलं.

“तवय ती लेकुरवाळी ऱ्हास. लेकुरवाळीले कोनी उठाडस का?”

वहिनीला दूध आलं. मुसळीनं की याहाच्या धीरानं, मला ठाऊक नाही.

पुढे बाजारात एका नोकरदारानं तिला भोंदू म्हटलं. माझं डोकं फिरलं. मी पत्रक छापलं: मुसळीचे गुण, याहाचं ज्ञान, आणि पुरावा हवा म्हणून टेकडीचं नाव, वाटेच्या खुणांसकट. ब्राह्मणपुरीपासून प्रकाशा गावापर्यंत घरोघर वाटलं. पोळा झाला आणि कुणाची तरी गाडी आली. कुदळी घेऊन माणसं चढली. हिरव्या पानांसकट त्यांनी सगळा उतार उपसून नेला.

याहा त्या खड्ड्यांतून हिंडली. मग मला विचारलं, “इतलं कोना नाववर खंदं, पोरी?”

मी पत्रकाचं सगळं सांगितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि तुटलेल्या कंदांचे शेंडे वेचू लागली.

आता ती बाजारात बसत नाही. उतारावर शेंडे लावत असते. ते पुरत नाहीत. पण कितीतरी बाळंतिणींच्या परसात तिनं स्वतः मुसळी लावून दिली आहे. तुमच्या परसात ती असेल, तर उतारावर लावायला अर्धा गड्डा, शेंड्यासकट, येत्या मृगाआधी म्हसावदच्या बाजारात मला आणून द्या. आणि टेकडी कोणती, ते विचारू नका.