अण्णांचं नाक

आमच्या सोसायटीत कुणाला ताप आला तर लोक डॉक्टरकडे जातात, पण हवेत वास आला तर आमच्या घरी येतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. ते खिडकीशी उभे राहून एकदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. "गटाराचा आहे, घाबरू नका." किंवा, "कारखान्याचं सॉल्व्हंट आहे, खिडक्या लावा." यावर अपील नाही. आई तर त्यांच्यापुढे स्वतःचं मत असं काही ठेवतच नसे. अण्णा म्हणतील ती पूर्व दिशा. मला याचा राग यायचा, अजूनही येतो.

फेब्रुवारीत अण्णांना न्यूमोनिया झाला. ठाण्याच्या हॉस्पिटलात ते सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवणं बरं नाही, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला समोरून छिद्र पाडून नळी थेट श्वासनलिकेत बसवायची ठरवली. ट्रेकिओस्टॉमी. सही मी केली, आणि करताना वाटलं, मी बापाचा गळा कापायला परवानगी देतेय. पण त्याच नळीने ते तरले. हळूहळू व्हेंटिलेटर सुटला, ते घरी आले. आतली वाट अरुंद झाली होती, ती बरी होईपर्यंत नळी राहणार होती. श्वास गळ्यातून, त्यामुळे आवाज नाही. काय बोलायचं ते वहीत लिहून.

घरी आम्हा दोघींचा पार गोंधळ उडाला. नळीत साठलेला कफ मशीनने ओढून काढायचा, नळीसमोर ओलसर कापड ठेवायचं, एवढं नर्सने शिकवलं होतं. बाकीचं डोक्यात शिरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर अण्णा डोक्यावर टॉवेल घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकलेले.

"अगं आई, हे काय चाललंय?"

"वाफ देतेय. छाती मोकळी होते."

"त्यांचा श्वास नाकातून जातच नाही! इथून जातो, इथून!" मी माझ्या गळ्यावर बोट आपटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "मग नाकातून काय जातं?"

मी टॉवेल ओढायला हात पुढे केला. तेवढ्यात टॉवेलखालून वही बाहेर आली. "बरं वाटतंय." आता यावर काय बोलणार, कपाळ!

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा सलिल धावत आला. "अण्णाकाका, जाम वास येतोय. खाली पोरांची मॅच चालू झालीय. थांबवू काय?"

वास मलाही येत होता. कुजक्या कोबीवर कुणी फिनेल ओतावं तसा. अण्णा उठले, खिडकीत गेले, नेहमीसारख्या नाकपुड्या फुगवल्या आणि लिहिलं, "कसलाही वास नाही. मॅच चालू द्या."

सलिल थँक्यू म्हणून निघून गेला. मी बुचकळ्यात पडले. आईला हळूच विचारलं, "तुला येतोय का गं?"

"येतोय असं वाटतं. पण हे नाही म्हणतात ना, म्हणजे नसेल."

खिडकी उघडी राहिली. आईला नावं ठेवणारी मी, पण मीही उठून ती लावली नाही.

दहाएक मिनिटांत अण्णांना खोकला सुरू झाला. नळीतून घर्रघर्र आवाज यायला लागला, डोळे मोठे झाले, ओठ निळसर दिसायला लागले. आईने मशीन चालू केलं, मी त्याची बारीक नळी गळ्यातल्या नळीत सोडली. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मला वाटलं, गेले. दुसऱ्यांदा घट्ट कफ निघाला आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. मी धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावल्या.

"अण्णा, वास आहे," मी ओरडलेच. "मघापासून आहे!"

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. "येतोय हो मला."

 अण्णांनी वही ओढून भराभर लिहिलं, "सलिलला सांग. मुलांना घरात घ्या. मी चुकलो." हे शेवटचे दोन शब्द त्यांच्या अक्षरात मी जन्मात पहिल्यांदा वाचले. मी खाली पळाले. मुलांचे डोळे चुरचुरत होते, बाकी सगळी ठीक होती.

वर आले तर अण्णा स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडून नाकाशी धरून उभे. पुन्हा पुन्हा नाक ओढत होते, आणि हलत होतं ते गळ्यावरचं कापड. नाकातून हवाच जात नाही तर वास कुठून येणार? आईच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता कळलं. मग अण्णांनी, इतक्या हुशार माणसाने, कापड बाजूला करून डबी हळूहळू गळ्यातल्या नळीकडे नेली.

"अहो!" आईने त्यांचा हात धरला आणि डबी काढून घेतली. त्यांना ती असं दरडावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा खुर्चीत बसले.  मग त्यांनी लिहिलं, "घरी आल्यापासून कशालाच वास नाही, चव नाही. मला वाटलं, आजारी माणूस म्हणून तू आमटीला फोडणीच देत नाहीस."

आईने ते दोनदा वाचलं.

"रोज देत होते हो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "तुम्ही काहीच लिहायचा नाहीत. मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला नकोसं झालं."