रंध्याची जागा

आमच्या ह्यांचा जन्म लोकांना वर चढवण्यात आणि खाली उतरवण्यात गेला. लिफ्टचे मेकॅनिक होते. मी म्हणायचे, "अहो, अख्ख्या गावाला वर पोचवलंत, तुम्ही मात्र आपले तळमजल्यावरच." ह्यावर ते हसायचे नाहीत. विनोद कळायला त्यांना एक रात्र लागते. दुसऱ्या दिवशी दाढी करताना एकटेच हसतात आणि गाल कापून घेतात.

निवृत्त झाले आणि गाडी विकली. घराला लागून असलेलं गॅरेज रिकामं झालं. मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. इथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, तिथे एक आरामखुर्ची, कोपऱ्यात माझी शिलाई मशीन. तर हे दारात उभे राहून म्हणाले, "वर्कशॉप करायचं." झालं. माझे मांडे तिथेच करपले.

कुठल्याही शहाण्या माणसाने आधी काय बनवायचं ते ठरवलं असतं. ह्यांनी आधी कुठे बनवायचं ते ठरवलं. काम करायला बाक हवं. बाक बनवायला आधी दुसरं बाक हवं. ते नव्हतं, म्हणून माझं स्वयंपाकघरातलं टेबल. आठवडाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो आणि भातात भुसा निघाला. मी काही बोलले की म्हणायचे, "बाक झालं की टेबल परत." जणू टेबल माझं नव्हतंच, मीच ते उसनं मागत होते.

बाक झालं. जुन्या दाराची फळी, खाली जाड लाकडाचे चार पाय. आता गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार आहे, धुतलं की पाणी बाहेर जावं म्हणून. ह्यांनी लेव्हल लावून दाराकडचे दोन पाय बरोबर तेवढे लांब ठेवले. बाक असं सपाट की वर गोटी ठेवली तर तिलाही कुठे जावं ते सुचेना. हे तिथे इतके खूश होऊन उभे राहिले की मलाही कौतुक वाटलं. आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, "पण खिडकी त्या भिंतीला आहे. उजेडात नको का?"

उजेडात हवं हे त्यांनाही पटलं. दोघांनी मिळून बाक समोरच्या भिंतीशी नेलं. पण लाकूड आवळून धरायची पकड बसवलेली कड खोलीच्या बाजूला यायला हवी, म्हणून ते फिरवलं. फिरवलं, तसे लांब पाय आत गेले आणि आखूड पाय उताराकडे आले. आता उतार दुप्पट! ठेवलेला स्क्रू घरंगळत थेट रस्त्यावर जायचा. मी पदर तोंडात धरून आत पळाले. पाय कापा म्हटलं तर ऐकेनात, "मापात कापलेलं लाकूड पुन्हा कापत नाहीत." मग आखूड पायांखाली प्लायवूडचे तुकडे सारले. बाक सपाट झालं खरं, पण जरा जोरात टेकलं की तुकडे सरकायचे. "त्या टोकाला टेकायचं नाही," एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं.

मग सामान ठेवायची व्यवस्था. माझ्या बरण्यांची झाकणं फडताळाच्या खालच्या बाजूला ठोकली आणि बरण्या त्यांना फिरवून लटकवल्या. एकीत खिळे, एकीत वायसर, एकीत स्क्रू. साखर कशात ठेवू विचारलं तर म्हणाले, "पिशवीत असते की." डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. एका डब्यावर लिहिलं "लागणारं", दुसऱ्यावर "कधीतरी लागेल", तिसऱ्यावर "काय आहे माहीत नाही". लागणारं डबीभर, आणि कधीतरी लागेल ते एवढं की त्याला खोकं आणावं लागलं. मी म्हटलं, मला कुठल्या डब्यात घालणार? हे चिठ्ठ्या चिकटवत राहिले. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मात्र हसले.

शेवटी भिंतीवर मोठी फळी लावली, हत्यारं अडकवायला. प्रत्येक हत्यार फळीवर धरून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि आतली जागा काळ्या रंगाने भरली. हातोडी जाग्यावर नसली की तिची काळी सावली दिसणार. कोणतं हत्यार बाहेर आहे ते आंधळ्यालाही कळावं.

आता फुकटची हत्यारं दिसली की शेजारी येणारच. समोरच्या वकिलांनी ड्रिल नेलं ते नेलंच. मागायला गेलं की तारीख देत. तेव्हा ह्यांनी नियम काढला. हत्यार न्यायचं तर पायातली एक चप्पल काढून त्या जागी खिळ्याला अडकवायची. मी म्हटलं, "अहो, शोभतं का? हत्यारांच्या शेजारी चपला!" तर म्हणाले, "दोन ठेवून घेतल्या तर माणूस अनवाणी जातो आणि विसरतो. एक ठेवली की दुसरी त्याला गप्प बसू देत नाही." आणि खरंच, पुढच्या वेळी वकीलसाहेब पक्कड घेऊन एका चपलेने रस्ता ओलांडताना मी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळच्या आत पक्कड परत.

पण त्या फळीवर सगळ्यात आधी, अगदी मधोमध, जी जागा रंगवली होती ती कुठल्याच हत्याराची नव्हती. म्हणजे होती, पण ते हत्यार आमच्या घरात नव्हतं. भली मोठी काळी आकृती. येणारा जाणारा विचारायचा, "इथे काय असतं?" हे म्हणायचे, "रंधा. येईल." आणि तोंड फिरवून बरण्या पुसायला लागायचे.

मला माहीत होतं कोणता रंधा ते. माझे सासरे सुतार. पण दोन्ही मुलांपैकी कोणी सुतार झालं नाही. थोरले हे, लिफ्टवाले. धाकटे माझे दीर, शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. सासऱ्यांनी काम सोडलं तेव्हा हत्यारं पेटीत गेली ती वर्षानुवर्षं उघडलीच नाहीत. ते गेल्यावर वाटणी झाली. भाऊजी म्हणाले, मला फक्त बाबांचा रंधा द्या, बाकी सगळं दादाला. किती साधं मागणं! पण ह्यांच्या जिभेला हाड नाही. चार नातेवाइकांसमोर म्हणाले, "ने की. पेन्सिलीला टोक काढायला होईल." भाऊजी लाल झाले. म्हणाले, "बटणं दाबायला तुला तरी कशाला हवा?" फडक्यात गुंडाळलेला रंधा उचलला आणि चालते झाले. दोन गल्ल्या पलीकडे घर, पण तीन वर्षं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघेही आभाळात विमान शोधत.

लोकांकडे जावा भांडतात आणि भाऊ गळ्यात गळे घालतात, आमच्याकडे उलटी गंगा. मी आणि माझी धाकटी जाऊ भाजीच्या दुकानात चोरासारख्या भेटायचो. तिथेच एका सकाळी तिने दोडका हातात धरून सांगितलं, "वहिनी, ह्या महिन्याच्या शेवटी आम्ही लेकीकडे जातोय. कायमचे. घर विकलं." लेकीचं गाव म्हणजे एक रात्र आणि एक दिवस गाडीत. दोन गल्ल्यांचं अंतर ह्या दोघांना तीन वर्षांत चालता आलं नाही, आणि आता एवढं? दोघांचीही साठी उलटलेली. उद्या एकाला काही झालं तर दुसरा आयुष्यभर रंध्याला शिव्या देत बसेल.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ऐकलं आणि म्हणाले, "बरं." बरं! मला असा संताप आला की तो बरण्यांच्या रांगेवर काढावासा वाटला. पण संध्याकाळी बघते तर हे गॅरेजमध्ये, त्या रिकाम्या आकृतीवर रंगाचा दुसरा हात मारतायत.

मग मी माझ्या परीने केलं. फळीचा फोटो काढला आणि मधली जागा रंध्याची असं लिहून जावेला पाठवला. लगेच तिचा फोन. मागून भाऊजींचा आवाज ऐकू येत होता, "हा रंधा? शेजारी करवत बघ आणि हा बघ! ह्यात बसून नदी ओलांडता येईल! प्रमाण म्हणून काही असतं की नाही?" जन्मभर मुलांच्या वह्यांतले वाकडे आंबे सरळ केलेला माणूस, त्याला चुकीचं चित्र म्हणजे डोळ्यात कुसळ. जाऊ हळूच म्हणाली, "वहिनी, ह्यांना झोप नाही लागायची."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजी गॅरेजच्या दारात. कानाला पेन्सिल, काखेत फडक्यात गुंडाळलेला रंधा. ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, चूक दुरुस्त करायला आलोय. बाकी काही बोलायचं नाही."

हे पाठमोरेच म्हणाले, "त्याला विचार, चूक कसली?"

"मी काय इथे टेलिफोन जोडून द्यायला बसलेय?" मी म्हटलं. "दोघांनाही देवाने तोंडं दिलीयत, नको तिथे बरोबर चालतात."

"ही चूक!" म्हणून भाऊजींनी फडकं सोडलं आणि रंधा बाकावर दाणकन ठेवला. नेमका त्याच टोकाला. खालचे तुकडे सरकले, बाक कलंडलं आणि लोखंडी पात्यासकट तो रंधा घसरत निघाला, थेट ह्यांच्या पायावर.

"दादा, पाय!" भाऊजी केवढ्याने ओरडले.

ह्यांनी पाय मागे घेतला आणि रंधा अधांतरी झेलला. तीन वर्षांनी पहिला शब्द निघाला तो असा. मी पटकन तुकडे पायाने आत सारले.

हे रंध्याकडे बघत होते. उलटा केला, सुलटा केला. "हाच आहे?"

"हाच. दुसरा कुठला असणार?"

"एवढासा?"

"एवढासाच. म्हणून तर आलो."

ह्यांनी तो फळीवरच्या आकृतीवर धरला. चारी बाजूंनी वीतभर काळं उरलं. बापाच्या सदऱ्यात पोर उभं केल्यासारखा दिसत होता. भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढली होती. रात्रभर घोकलेलं भाषण ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबले.

"दादा, हे कशावरून काढलंस?"

"आठवणीवरून." हे खाली बघून म्हणाले. "बाबा रंधा मारायचे ना, तेव्हा मी बाकाखाली बसून लाकडाचे छिलके गोळा करायचो. तू तेव्हा पाळण्यात. वर बघितलं की रंधा डोक्यावरून जायचा. हा एवढा दिसायचा."

भाऊजी बराच वेळ आकृती बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि पेन्सिल परत कानाला लावली. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "खालून बघणाऱ्याला तो एवढाच दिसणार. ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

"ते पेन्सिलीचं मी बोलायला नको होतं," हे म्हणाले.

"मीही बटणाचं."

मी रडले. लपवलं वगैरे काही नाही, तिथेच उभी राहून भरपूर रडले. मग चहा टाकला आणि तो त्या टोकाला ठेवू दिला नाही.

चहा झाल्यावर भाऊजींनी रंधा ह्यांच्या पुढे सरकवला. "ठेव हा. लेकीच्या फ्लॅटमध्ये ह्याचं काय करू? इथे तरी लाकडाला लागेल."

ह्यांनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "नको. तू घेऊन जा."

मी कपाळावर हात मारला. अहो, ज्याच्यासाठी तीन वर्षं आभाळात विमानं शोधली, फळीवर मधली जागा राखली, तो समोर चालून आला तर म्हणे घेऊन जा!

"पण नियम म्हणजे नियम," हे म्हणाले आणि भाऊजींच्या पायांकडे बोट दाखवलं.

"दादा! नव्या आहेत! प्रवासासाठी कालच घेतल्यात!"

"जुनीची आठवण कोण ठेवतो? काढ डावी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, इथे वकिलांचंसुद्धा काही चालत नाही." शेवटी काढली. ह्यांनी ती पुसली, स्वतःच्या रुमालाने, आणि त्या मोठ्या काळ्या आकृतीच्या मधोमध खिळ्याला अडकवली. भाऊजी काखेत रंधा घेऊन एका पायात चप्पल घालून दोन गल्ल्या चालत गेले. हे कोपऱ्यापर्यंत सोबत गेले, आणि सोबत म्हणून स्वतःचीही एक चप्पल हातात धरून चालले. जावेचा फोन आला तो हसावं की ओरडावं हे तिला ठरवता येत नव्हतं म्हणून.

ते गेले महिनाअखेर. आता दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, नातवंडं सगळं नंतर. पहिला प्रश्न, "दादा, माझी चप्पल आहे ना?"

"आहे. रंधा आण आणि घेऊन जा."

"नातवंडांना सुट्टी लागली की येतो."

"ये. तोवर ही कुणाला देत नाही."

परवा वकीलसाहेब करवत मागायला आले. आपली चप्पल अडकवता अडकवता त्यांनी मधल्या आकृतीकडे पाहिलं. "अहो, ही कोणाची? केव्हापासून आहे. विसरला वाटतं माणूस."

हे बरण्या पुसत नव्हते. तोंड फिरवलं नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "माझ्या भावाची आहे. न्यायला येणार आहे तो."